व्रत न करता उद्यापन

एखाद्या गोष्टीवर आपलं प्रेम आहे, हे सांगायला तिचा उत्सव करणं पुरेसं आहे का?

प्रश्न समुद्रापुरता विचारतोय, कारण समुद्राचे उत्सव आता बरेच झाले आहेत. ८ जूनला जागतिक महासागर दिन असतो. १९९२ च्या रिओ परिषदेत कॅनडाने ही कल्पना मांडली आणि २००९ पासून संयुक्त राष्ट्रं हा दिवस अधिकृतपणे पाळतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे साफ करायला लोक उतरतात. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीच्या वेळा बघून लोकांना खडकांवर नेतात आणि वाकून बघायला शिकवतात. आणि थंडी सरता सरता कोकणात कासव महोत्सव सुरू होतात. इन्स्टाग्रामवर तेवढे दिवस वाळूवरची इवली काळी पिल्लं सोडून दुसरं काही दिसत नाही.

माझ्या टीममधला एक मित्र या सगळ्याला 'समुद्राचा हॅपी बर्थडे' म्हणतो. त्याचा मुद्दा असा, की समुद्राला यातलं काही कळत नाही. केक आपण आणतो, कापतो आणि खातोही आपणच. समुद्राच्या वाट्याला येतात फक्त कागदी प्लेटा.

त्याचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. पण ते पूर्ण खरंही नाही, आणि ते कुठं कमी पडतं हे बघायला वेळासला जावं लागतं.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि परत समुद्रात जातात. पूर्वी ही अंडी माणसं उकरून न्यायची, उरलेली कुत्री आणि कोल्हे. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने इथं काम सुरू केलं. गावातलेच लोक पहाटे किनारा चालून मादीच्या पावलांचा माग काढू लागले, अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवू लागले. मग पिल्लं समुद्रात जाताना बघायला बाहेरून माणसं येऊ लागली, गावातल्या घरांनी त्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली आणि महोत्सव उभा राहिला. वाळूतलं अंडं बाजारातल्या अंड्यापेक्षा जास्त मोलाचं झालं.

मी दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये पुण्याहून चार मित्रांसोबत गेलो होतो. सकाळी सातच्या सुमाराला दोरीमागे गर्दी उभी होती. कासवमित्राने एकेका घरट्यावरची टोपली उचलून पाहिली. एक, दोन, तीन. सगळी रिकामी. "आज काही नाही, संध्याकाळी या," तो म्हणाला. माझ्या शेजारच्या एका काकांनी लगेच विचारलं, "पण आम्हाला दुपारीच निघायचंय. एखादं जरा उकरून बघता येत नाही का?" कासवमित्र शांतपणे म्हणाला, "काका, त्याची वेळ त्याला ठरवू द्या."

काका वाईट नव्हते. ते आठ तास गाडी चालवून आले होते, सोबत दोन लहान मुलं होती. पण त्यांच्या प्रश्नात अख्ख्या उत्सवाची अडचण होती. आपण कासवासाठी आलोय, की कासव आपल्यासाठी यावं म्हणून आलोय?

इथं तत्त्वज्ञानातला एक जुना दुकानदार आठवतो. १७८५ साली इमॅन्युएल कांटने नीतिशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात त्याचं उदाहरण दिलं होतं. हा दुकानदार लहान मुलालाही फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव लावतो. पण प्रामाणिकपणा धंद्याला बरा म्हणून. कांटचं म्हणणं असं, की हे वागणं कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यापोटी केलेलं नाही, म्हणून त्याला नैतिक मोल नाही. हाच निकष वेळासला लावला तर पर्यटकांच्या पैशामुळे वाचलेलं अंडं नैतिकदृष्ट्या कोरं ठरेल.

मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण अंड्यातल्या पिल्लाच्या बाजूने बघितलं की सापडतं. आपण कोणत्या भावनेनं वाचलो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शिवाय ज्याचं पोट किनाऱ्यावर आहे त्याच्याकडून निखळ निरपेक्षतेची अपेक्षा करायची आणि आपण मात्र शनिवार-रविवार जोडून फिरायला यायचं, यात एक उर्मटपणा आहे. गावाला उत्पन्न मिळालं म्हणून त्याचं प्रेम खोटं ठरत नाही. शेतकऱ्याचं बैलावरचं प्रेम बैल नांगर ओढतो म्हणून कमी होत नाही, तसंच हे.

पण कांटची दुसरी धास्ती खरी आहे. दुकानदाराचा प्रामाणिकपणा फायदा असेपर्यंतच टिकतो. तसा आपला कळवळा दिसेपर्यंतच टिकतो का?

आमच्या धंद्यात डेमो नावाचा प्रकार असतो. ग्राहकासमोर अर्धा तास सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं. डेमोला सगळं नीट चालतं, कारण वाट आधीच ठरलेली असते. खरी परीक्षा प्रॉडक्शनमध्ये, जिथं रात्री तीन वाजता कुणी बघत नसताना सर्व्हर कोसळतो. डेमो उत्तम झाला म्हणून प्रॉडक्शनकडे कुणी बघितलंच नाही, तर तो प्रकल्प बुडतो.

पिल्लाचा वाळूवरचा प्रवास हा डेमो आहे. प्रॉडक्शन त्यानंतर सुरू होतं. हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं, असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. म्हणजे सकाळी साठ पिल्लं समुद्रात गेली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तरी त्यातलं एकही वयात न येण्याचीच शक्यता जास्त. जे जगेल त्याला वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. ती वर्षं कुठं जातात, हे कोणत्याच रीलमध्ये दिसत नाही. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये थेट गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेली सापडली. मधली चार वर्षं ती कोणत्या पाण्यातून, किती जाळी चुकवत फिरली याचा हिशेब कुणाकडे नाही. ट्रॉलच्या जाळ्यात अडकलेलं कासव श्वासाला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं. समुद्रात राहणारा प्राणी बुडून मरतो! जाळ्यात कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारं साधन असतं, पण त्या वाटेनं थोडी कोळंबी आणि मासळीही निसटते, म्हणून ते लावायला मच्छीमार नाखूश असतो. आणि अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू तापली की माद्या वाढतात. त्या तापण्यात पुण्यातल्या माझ्या एसीचाही वाटा आहे.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो: जे आपल्याला कधीच दिसणार नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का? आणि लागत असू, तर दिसणाऱ्या अर्ध्या तासाचा उत्सव त्या देण्याचं काय करतो? ते फेडतो, की फेडल्यासारखं वाटायला लावतो?

उत्तर शोधायला परदेशी तत्त्वज्ञाकडे जायची गरज नाही. आपल्या किनाऱ्यावर समुद्राचा एक जुना उत्सव आहेच, नारळी पौर्णिमा. श्रावणात कोळी बांधव वाजतगाजत समुद्राला नारळ अर्पण करतात आणि मग होड्या पाण्यात लोटतात. फोटो नारळाचे निघतात. पण त्या नारळामागे बंद राहिलेला हंगाम असतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. याच काळात कित्येक जातींचे मासे अंडी घालतात. आज कायद्याने पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. दोन महिने उत्पन्न नाही, मग नारळ.

कुणी म्हणेल, यात कसला संयम? समुद्र खवळलेला असायचा म्हणून होड्या थांबायच्या, आणि आता कायदा आहे म्हणून. बरोबर आहे. सुरुवात नाइलाजानेच झाली असेल. पण नाइलाजाला अर्थ देण्याची माणसाची एक रीत आहे आणि आपल्याकडे तिला व्रत म्हणतात. घरातल्या आजीला विचारा, ती सांगेल: आधी व्रत, मग उद्यापन. सोळा सोमवार केल्यावर सतराव्याला जेवणावळ. उपास न करता थेट उद्यापनाचं जेवण घातलं तर लोक जेवतील, आशीर्वादही देतील, पण आजी त्याला उद्यापन म्हणणार नाही.

आपले नवे समुद्र-उत्सव मला असे व्रत न करता केलेले उद्यापन वाटतात. आनंद आहे, गर्दी आहे, टी-शर्ट आहे. आधी काय सोडलं, याचं उत्तर नाही.

आणि इथं न्यायाचा प्रश्न येतो. व्रत होतच नाही असं नाही. ते दुसरं कुणीतरी करतं. बंदीत घरी बसतो तो मच्छीमार. जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला तर जाळं कापून त्याला सोडतो तो मच्छीमार. त्यासाठी महाराष्ट्र सरकार २०१८ च्या अखेरीपासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, आणि ही योजना मला कोणत्याही महोत्सवाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात व्रताची किंमत कुणीतरी मोजलीय. नाहीतर एरवी उपास एकाचा आणि पुण्य दुसऱ्याच्या स्टोरीवर.

मग उत्सव बंद करायचे का? मुळीच नाही. माझ्या मित्राचा बर्थडेचा टोमणा इथं चुकतो. उत्सवाशिवाय व्रताची आठवणही राहत नाही. मुंबईच्या खडकांवर वाकून समुद्री गोगलगाय पाहिलेला मुलगा पुढं 'तिथं नुसता चिखल आहे' या वाक्यावर विश्वास ठेवणार नाही. न बघितलेल्या गोष्टीसाठी कुणी भांडत नाही. प्रश्न एवढाच, की बघून झाल्यावर काय.

काही उत्सवांनी व्रत पोटातच ठेवलंय. किनारा स्वच्छतेचा तो सप्टेंबरचा शनिवार १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये सुरू झाला, तेव्हापासून तिथं कचरा नुसता उचलत नाहीत, मोजतात. किती बाटल्या, किती दोर, किती सिगारेटची थोटकं. मोजणं कंटाळवाणं असतं, पण कचरा कोण बनवतो हे विचारायची सोय त्यातूनच होते. वर्सोव्याला अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सफाई सुरू केली, तिचं बळ एका दिवसाच्या गर्दीत नव्हतं. माणसं आठवड्यामागून आठवडे परत येत राहिली. भरती पुन्हा कचरा आणून टाकायची, हे माहीत असूनही. २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं दिसली. सोळा सोमवार याला म्हणतात.

आपल्यासारख्यांचं व्रत काय असू शकतं? प्लास्टिकची स्ट्रॉ सोडली की समुद्र वाचला, असलं काही मी सांगणार नाही. ते स्वस्तातलं उद्यापन झालं. व्रताची खूण म्हणजे ते थोडं तरी टोचलं पाहिजे आणि ते करताना कुणी बघत नसलं पाहिजे. दोन उदाहरणं देतो.

पहिलं ताटातलं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी राज्याने ५४ प्रजातींसाठी किमान लांबी ठरवली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही, म्हणजे त्याला एकदा तरी अंडी घालायची संधी मिळेल. मानाची बातमी सगळ्यांनी वाचली, लांबीची फार थोड्यांनी. बाजारात पिल्लापापलेटाचा वाटा स्वस्तात मिळत असताना "मावशी, हा नको, लहान आहे" म्हणणं आणि त्या दिवशी बांगड्यावर भागवणं, हे अवघड आहे. मला तळलेलं पापलेट फार आवडतं, म्हणून हे मी अनुभवाने सांगतोय.

दुसरं कागदातलं. किनाऱ्यावर काय बांधता येईल हे सीआरझेडचे नियम आणि त्यांचे नकाशे ठरवतात. नकाशांचे मसुदे लोकांसमोर येतात, हरकती मागवल्या जातात, जनसुनावण्या होतात. तिथं पिल्लं नसतात, सूर्योदय नसतो. ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि न समजणारी भाषा असते. पण मादी पंधरा वर्षांनी परत येईल तेव्हा तिथं अंधारी, मोकळी वाळू असेल की दिव्यांनी लखलखणारी भिंत, हे त्या खोलीत ठरतं. आमच्या पिढीला पीडीएफ वाचता येतात, नकाशे एकावर एक ठेवून बघता येतात. ज्या गावाचा तो किनारा आहे त्याला एवढी मदत करायला रजेचा एक दिवस जातो.

म्हणून उत्सवाला जाताना मी आता एकच प्रश्न सोबत ठेवतो, आणि तुम्हीही ठेवावा असं वाटतं: या आनंदाआधी यातल्या कुणी काय सोडलं, आणि त्यात माझा वाटा किती? उत्तर 'काहीच नाही' असं आलं तरी जावं, टाळ्या वाजवाव्यात, मुलांना खांद्यावर घ्यावं. फक्त त्याला उद्यापन न म्हणता संकल्प म्हणावं. उपास उद्यापासून.