बहिणीची ओवाळणी

खालिद हुसैनी यांच्या ‘द काइट रनर’मधला (2003) अमीर गल्लीच्या तोंडाशी उभा राहून घरच्या नोकराच्या मुलावरचा, हसनवरचा अत्याचार बघतो आणि पळून जातो. काबूलचा हिवाळा, साल 1975. भीती होतीच, पण हसनने मिळवलेला निळा पतंग घरी नेला की बाबा आपल्याला जवळ घेतील, ही आसही होती. पळणं एक वेळ समजू शकतं. पुढे हसनच्या गादीखाली पैसे आणि घड्याळ ठेवून तो त्यालाच चोर ठरवतो, ती मला खरी भ्याडगिरी वाटते. हसन समोर दिसला की केलेलं आठवतं, म्हणून त्यालाच घराबाहेर काढायचं.

हे वाचताना मला बीड जिल्ह्यातली ऊसतोड आठवते. दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोद्याकडची बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मुकादमाची उचल अंगावर असते. हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पोरगा हुशार निघाला तर त्याला आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात ठेवतात. पोरीला बरोबर नेतात, धाकट्याला सांभाळायला, पाणी भरायला. तिची शाळा फडात राहते. आणि वयात आलेली पोर कोपीत ठेवायची कशी, म्हणून लग्नही लवकर उरकतं.

पोरगा भरतीत लागला की बाप गावात पेढे वाटतो. तोंडावर ‘शाब्बास’ म्हणणं आमच्याकडच्या बापांना जमत नाही. ते पारावर दुसऱ्याला सांगतात. पोरगा तेवढ्यावरही जगतो. हा पतंग कुणी आणून दिला, ते मात्र तो कुठे बोलत नाही.

‘कोसला’तल्या (1963) पांडुरंग सांगवीकरचं वडिलांशी असलेलं वैर आपण चवीनं सांगतो. मला त्या कादंबरीत खोलवर लागतं ते त्याच्या बहिणीचं, मनीचं मरण. तिथे वडिलांशी भांडून भागत नाही. बापाचं ऋण फेडता तरी येतं: घरावर स्लॅब टाकला, त्याच्या हातातला कोयता सुटला, की मान वर होते. बहिणीपुढे कसली मान वर करणार? आपल्या कथा-कादंबऱ्यांनी बापाचा हिशेब पुष्कळ मांडला. बहिणीचा फार थोडा.

भाऊबीजेला तो पोरगा बहिणीच्या ओवाळणीत साडी घालतो. दोन-चार दिवसांत तिच्या टोळीचा ट्रक कारखान्याकडे निघतो.