न मांडलेल्या मताची माघार

जून 1415. कॉन्स्टन्स शहरातल्या फ्रान्सिस्कन मठात प्रागचा धर्मोपदेशक यान हुस कैदेत होता. 1402 पासून बेथलेहेम चॅपेलमध्ये तो सामान्य लोकांना समजेल अशा चेक भाषेत प्रवचने देत आला होता. चर्चमधला पैशाचा बाजार आणि धर्मगुरूंचा दुराचार यांवर तो उघड बोले. सिगिस्मुंड राजाने सुरक्षित प्रवासाची हमी दिली, म्हणून तो धर्मपरिषदेपुढे आपली बाजू मांडायला आला आणि महिन्याच्या आत पकडला गेला. पुढचे सगळे जगाला ठाऊक आहे. 6 जुलैला त्याला जिवंत जाळले आणि राख ऱ्हाईन नदीत टाकली.

त्याच्या मरणाचे कारण मात्र अनेकदा ढोबळपणे सांगितले जाते. हुस आपल्या मतांसाठी मेला, असे म्हणण्याची रीत आहे. ते खरे आहे, पण अर्धेच. परिषदेने पुढे ठेवलेल्या विधानांपैकी काही त्याची होती, काहींचा अर्थ ओढूनताणून लावलेला होता, आणि काही त्याने कधी मनातही आणली नव्हती. आपण पवित्र त्रैक्यातली चौथी व्यक्ती आहोत असे तो म्हणतो, हा आरोपसुद्धा शेवटच्या सुनावणीत वाचला गेला. या सगळ्या विधानांपासून शपथेवर माघार घेतली की जीव वाचणार होता. हुसचे म्हणणे असे होते, की माझी चूक शास्त्रातून दाखवा, मी लगेच मत सोडतो. पण जे मत माझे कधी नव्हतेच ते ‘सोडतो’ असे शपथेवर म्हणणे म्हणजे ते माझे होते असे कबूल करणे. ती खोटी शपथ ठरेल.

त्याला समजावणारे सगळेच दुष्ट नव्हते. परिषदेतल्या एका वडीलधाऱ्या हितचिंतकाने त्याला कळवले, की तू शरण जा. त्यात पाप असलेच तर ते तुझ्या माथी येणार नाही, शपथ घ्यायला लावणाऱ्यांच्या माथी जाईल. किती माणुसकीचा युक्तिवाद हा! हुसची पत्रे उपलब्ध आहेत, या हितचिंतकाचे नाव मात्र त्यांत येत नाही. दुसरा एक विद्वान म्हणाला, परिषदेने तुला एकच डोळा आहे असे सांगितले तरी तू हो म्हणायला हवे. हुसने उत्तर दिले, की साऱ्या जगाने तसे सांगितले तरी बुद्धी शाबूत असताना सद्सद्विवेकाला दुखावल्याशिवाय ते मला म्हणता येणार नाही. पत्रांत त्याला मक्काबींच्या ग्रंथातला वृद्ध एलाझार आठवतो. निषिद्ध मांस खाल्ल्याचे नुसते सोंग केले असते तरी एलाझार सुटला असता. त्याने ते केले नाही.

सद्सद्विवेकाचा हवाला देणाऱ्याला नेहमी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्तच आहे: हा विवेकाचा आवाज आहे की हट्टाचा, हे ठरवायचे कोणी? 1412 मध्ये हुसने पोपच्या निर्णयाविरुद्ध थेट ख्रिस्ताकडे दाद मागितली, तेव्हा विरोधकांना हाच धोका दिसला. प्रत्येक जण असे करू लागला तर धर्माला व्यवस्था उरणार नाही. पण कॉन्स्टन्समधला पेच याहून साधा आणि म्हणून अधिक भेदक आहे. देवाला काय हवे याबद्दल माणूस चुकू शकतो. आपण काय म्हटले आणि काय म्हटले नाही, याचा साक्षीदार मात्र तो स्वतःच असतो. परिषद हुसकडून खरे पाहता श्रद्धेपेक्षा वेगळेच काही मागत होती. तिला स्वतःविरुद्धची खोटी साक्ष हवी होती.

साडेपाच शतकांनंतर हुसच्याच प्रागमध्ये हा प्रसंग पुन्हा घडला, धर्माच्या जागी कम्युनिस्ट पक्ष ठेवून. जानेवारी 1977 मध्ये ‘चार्टर 77’ हे निवेदन पुढे आले. चेकोस्लोव्हाकियाने स्वतः मान्य केलेले मानवी हक्क पाळावेत, एवढीच त्याची मागणी होती. पहिल्या सह्या सुमारे 240. सरकारने उत्तर म्हणून 28 जानेवारीला राष्ट्रीय रंगमंदिरात नामवंत कलावंतांची सभा भरवली आणि एका प्रतिनिवेदनावर सह्या घेतल्या. लोक त्याला ‘अँटीचार्टर’ म्हणू लागले. सह्या करणाऱ्यांची नावे पक्षाच्या ‘रुदे प्राव्हो’ या दैनिकात छापली जात होती. ज्या चार्टरचा निषेध ते करत होते, तो मात्र देशातल्या एकाही वृत्तपत्रात छापलेला नव्हता. बहुतेकांनी न वाचलेल्या मजकुराचा धिक्कार केला.

चार्टरच्या पहिल्या तीन प्रवक्त्यांपैकी एक होते तत्त्वज्ञ यान पातोच्का, हुसर्लचे शिष्य. विद्यापीठात शिकवण्याची बंदी त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे सोसली होती. दीर्घ पोलीस चौकशांनंतर 13 मार्च 1977 रोजी, वयाच्या 69 व्या वर्षी, ते रुग्णालयात वारले. अंत्यविधीच्या वेळी आकाशात हेलिकॉप्टर घिरट्या घालत होते, म्हणजे थडग्यापाशी बोललेले शब्द कोणाला ऐकू जाऊ नयेत. पुढच्या वर्षी चार्टरचे आणखी एक प्रवक्ते, नाटककार वाक्लाव हावेल यांनी ‘सत्ताहीनांची सत्ता’ हा निबंध त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. कांदे-गाजरांच्या मध्ये पक्षाची घोषणा लावणारा भाजीवाला त्यातलाच. ती घोषणा कोणी वाचत नाही, त्यालाही तिच्याशी देणेघेणे नाही. पण ती काढली तर लगेच लक्षात येते. हावेल यांना या माणसात जे दिसले ते कॉन्स्टन्समध्येही होते: सत्तेला त्याची श्रद्धा नको आहे, होकार हवा आहे.

इथे एमिल हाखा आठवल्याशिवाय राहत नाहीत, आणि त्यांना वगळून हा प्रश्न सोडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हाखा हे वृद्ध, आजारी न्यायविद, 1938 च्या म्युनिक करारानंतर उरलेल्या देशाचे अध्यक्ष. 15 मार्च 1939 च्या पहाटे बर्लिनमध्ये हिटलरने त्यांच्यापुढे कागद ठेवला. सही केली नाही तर प्रागवर बॉम्ब पडतील, अशी धमकी हिटलरचा सहकारी गोअरिंग याने दिली. हाखा कोसळले, हिटलरच्या डॉक्टरने इंजेक्शन देऊन त्यांना शुद्धीवर आणले. त्यांनी सही केली. प्राग उभे राहिले, आणि सहा वर्षे गुलामीत गेले.

हुस स्वतःचा जीव पणाला लावत होता, हाखांपुढे लाखोंचे जीव होते. म्हणून स्वतःपुरता माणूस नकार देऊ शकतो, दुसऱ्यांच्या वतीने नाही, अशी सोयीची रेषा ओढावीशी वाटते. ती टिकत नाही. चार्टरवर सही करणाऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षणाची दारे बंद झाली. त्या मुलांना कोणी विचारले नव्हते. हुसच्या चितेतून जो संताप पेटला, त्यातून 1419 पासून सुमारे दीड दशक युद्धे झाली आणि गावेच्या गावे जळाली. नकाराची किंमत एकट्याने कधीच फेडता येत नाही.

पण हाखांच्या कागदातली एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. चेक जनतेचे भवितव्य आपण विश्वासाने फ्यूररच्या हाती सोपवत आहोत, असे त्यांच्याकडून लिहून घेतले गेले. जर्मन फौजा आदल्या संध्याकाळीच मोराव्हस्का ओस्त्राव्हात शिरल्या होत्या. देश घ्यायला सही लागत नव्हती. तरीही ती हवी होती, आणि ‘विश्वासाने’ हवी होती. बळाने सारे काही घेता येते. आपण हे राजीखुशीने दिले असे म्हणणारा आवाज मात्र ज्याचा त्याने द्यावा लागतो. दहशतीखालची शरणागती समजून घेता येते, तिला क्षमाही करावी. त्या शरणागतीवर प्रेमाचा शिक्का मारणे हा वेगळा गुन्हा आहे आणि तो मारायला लावणाऱ्याचा आहे. हुसच्या हितचिंतकाचे म्हणणे इथवर बरोबरच होते. तो एवढेच विसरला, की ऐकणाऱ्यांना शिक्का दिसतो, त्यामागची सक्ती दिसत नाही. प्रागमध्ये ज्यांनी आपली प्रवचने ऐकली त्यांचे काय होईल, ही काळजी हुसच्या पत्रांत पुन्हा पुन्हा येते. त्याच्या नकाराचे सर्वात भक्कम कारण बहुधा तेच असावे.

अँटीचार्टरसाठी फेब्रुवारी 1977 मध्ये संगीत कलावंतांचीही सभा भरली होती, आणि तिथे देशाचा सर्वात लाडका गायक कारेल गॉट बोलला होता. ऑक्टोबर 2019 मध्ये तो वारला. प्रागमध्ये त्याच्या अंत्यदर्शनासाठी हजारो लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. त्याला सरकारी सन्मान द्यावा का, यावर देशात कडाक्याचा वाद झाला; अँटीचार्टर कोणी विसरले नव्हते. 12 ऑक्टोबरला संत व्हीट कॅथेड्रलमध्ये त्याच्यासाठी प्रार्थनाविधी झाला. तो चालवणारे कार्डिनल दोमिनिक दुका यांनी कम्युनिस्ट राजवटीत गुप्त धर्मकार्याबद्दल तुरुंग भोगला होता, 1981-82 मध्ये, पिल्झनच्या बोरी कारागृहात. हावेलही त्या वेळी तिथेच कैदी होते.