अवस्था आणि इतिवृत्त

संगणकाच्या प्रोसेसरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, म्हणजे सिम्युलेटर, लिहावयास बसणाऱ्यास आरंभींच एक तात्त्विक प्रश्न सोडवावा लागतो: या यंत्राविषयीं काय काय ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढें कांहीं अडणार नाहीं? १९७५ सालीं निघालेल्या ६५०२ या प्रोसेसरचें उदाहरण घ्या. आठ बिटांचीं चार रजिस्टरें, सोळा बिटांचें एक आणि सात निशाणें, मिळून अवघे ५५ बिट. एवढें आणि स्मृतींतील मजकूर टिपून ठेविला, कीं दोन आज्ञांच्या मध्यें यंत्र थांबवावें व हवें तेव्हां तेथूनच पुढें चालवावें. यासच यंत्राची अवस्था म्हणतात. भविष्यास भूतकाळांतील जेवढें लागतें, तेवढेंच तींत असतें.

जें लागत नाहीं, तें मात्र निःशेष पुसलें जातें. आठ बिटांत २५५ च्या पुढील संख्या मावत नाहीं. म्हणून २०० व १०० यांची बेरीज केली असतां रजिस्टरांत ४४ उरतात आणि हातच्या एकाचें निशाण उभें राहतें. २१० व ९० मिळविले तरी तेंच. मूळ आकडे अन्यत्र लिहिलेले नसतील, तर ही बेरीज कोणत्या वाटेनें आली हें यंत्रास विचारून उपयोग नाहीं. आणि सिम्युलेटर लिहिणारानें त्याची खंत बाळगण्याचेंही कारण नाहीं.

मनुष्याविषयीं असेंच म्हणतां येईल काय? अ‍ॅलन टुरिंग यांनीं १९३६ च्या आपल्या निबंधांत अशी कल्पना केली, कीं गणित करणारा मनुष्य काम अर्धवट सोडून उठतांना पुढील कामापुरती सूचना लिहून ठेवितो, व तिच्या आधारें तें काम पुन्हा चालूं होतें. कामापुरतें हें खरें आहे. परंतु दोन सावकारांच्या वहींत शिल्लक सारखीच आहे. एकानें ती कष्टानें मिळविली, दुसऱ्यानें एका विधवेची ठेव बुडवून. उद्यांचा व्यवहार दोघांचाही सारखाच चालेल; न्याय मात्र सारखा होणार नाहीं.

कोणी म्हणेल, त्या पापाची खूण दुसऱ्याच्या मनांत तरी असेलच. समजा, तो तें साफ विसरला आणि कागदही जळून गेले. म्हणून ऋण फिटलें काय? आमच्या मतें नाहीं. विसरलेलें वचनही वचनच असतें; आणि तान्हेपणींचे आईचे श्रम मुलास आठवत नाहींत, म्हणून तिचे उपकार नाहींसे होत नाहींत. अवस्थेवरून पुढें काय घडेल तें सांगतां येतें. कोणाचें काय देणें आहे, हें सांगावयास इतिवृत्तच लागतें. गुणपत्रिका, शिल्लक किंवा नोकरीचा दाखला पाहून मनुष्याची किंमत ठरविणारानें स्वतःस एवढें तरी विचारावें, कीं आपण त्याचें भविष्य वर्तवीत आहों, कीं त्याचा न्याय करीत आहों?