सुनेची भाषा नातवंडांपर्यंत पोहोचू द्या

हिंगोलीच्या भाषांचा विचार हैदराबाद संस्थानापासून सुरू करावा लागतो. 1948 पर्यंत मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलूख निजामाच्या एकाच राज्यात होते. 1956 च्या पुनर्रचनेत ते तीन राज्यांत विभागले गेले, तरी सोयरिकी थांबल्या नाहीत. म्हणून मराठवाड्यात एखादी सून तेलुगू घेऊन नांदायला येते, एखादी हिंदी; बंजारा तांड्यावरच्या घरात गोरबोली असतेच.

मूल पहिलीत गेले की याच घरांना सल्ला मिळतो, ‘घरीही मराठीच बोला.’ हेतू चांगला असतो, परिणाम वाईट होतो. जी भाषा आई स्वतःच अजून शिकते आहे, तिच्यात ती मुलाशी कामापुरतेच बोलते. गोष्ट, समजूत, लाड, प्रश्नांची उत्तरे सगळे आटत जाते. मुलाच्या शिक्षणाचा पायाच त्या बोलण्यावर उभा असतो.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये मांडले की एका भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. घडलेला प्रसंग तेलुगूत क्रमाने सांगता येणाऱ्या मुलाला मराठीचे फक्त शब्द आणि वाक्यांची घडण शिकायची उरते. सांगण्याची रीत त्याला आलेली असते.

यात मराठी मागे पडेल ही भीती अनाठायी आहे. गावात, शाळेत, आजीआजोबांच्या बोलण्यात मराठीच आहे. 2020 च्या कायद्याने ती राज्यातील सर्व शाळांत सक्तीची झाली आहे. शिवाय हिंगोली जिल्ह्यातीलच नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांनी मराठीत अभंग रचले आणि हिंदीतही पदे रचली. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. दुसरी भाषा जवळ केल्याने त्यांची मराठी उणी झाली नाही.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे संविधानाचे कलम 350-अ सांगते. दोन-चार मुलांसाठी वेगळी शाळा निघणार नाही. पण प्रवेशाच्या वेळी घरची भाषा विचारता येते, सुरुवातीचे काही महिने त्या भाषेतले उत्तर स्वीकारता येते, आईला वर्गात गोष्ट सांगायला बोलावता येते. याला खर्च लागत नाही.

हैदराबादेत, बंगळुरूत वाढणाऱ्या आपल्या नातवंडांनी मराठी बोलावे, असे आपल्याला मनापासून वाटते. तोच न्याय आपल्या घरात आलेल्या सुनेलाही द्या. तिला तिच्या लेकराशी तिच्या भाषेत बोलू द्या.