ऊब आणि उत्तरदायित्व

जन्म देणे हे स्वभावतःच पुण्यकर्म होय, अशी आपली एक जुनी समजूत आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की, जन्म कोणी दिला, कशासाठी दिला आणि जन्मलेल्याला पुढे जागा आहे की नाही, हे विचारण्याचे आपल्या मनातही येत नाही. मनुष्याच्या बाबतीत हा प्रश्न अप्रशस्त वाटतो, इतर प्राण्यांच्या बाबतीत अनावश्यक वाटतो. परंतु सर्प पाळणे आणि त्यांची अंडी यंत्रात उबवून पिले काढणे, हा जो छंद अलीकडे मोठ्या शहरांत रुजला आहे, त्याने हा प्रश्न टाळता येऊ नये अशा रीतीने पुढे मांडला आहे.

बंगळूरचा कोरमंगला भाग आपणांपैकी पुष्कळांना केंद्रीय सदनातील कचेऱ्यांमुळे परिचित असेल. तेथील एक वसाहत आजही ‘एस. टी. बेड’ या नावाने ओळखली जाते. हे नाव श्रीनिवागिलु तलावाच्या पात्राचे आहे. तलाव गेला, नाव राहिले. जेथे तळी होती तेथे बेडूक होते, आणि जेथे बेडूक तेथे धामण व नाग हे ओघानेच आले. या नगरात पिंपळाच्या पारावर नागशिळा मांडून लोक आजही हळदकुंकू वाहतात. त्या पारापासून थोड्याच अंतरावर इमारतीचा पाया खणताना कधी एखाद्या सर्पिणीची अंडी उघडी पडतात. वनखात्याला कळवून सर्पमित्र ती अंडी उचलतात, ऊब देऊन पिले बाहेर येऊ देतात आणि ती योग्य अधिवासात सोडतात.

आता त्याच कोरमंगल्यातील एखादे दुसरे घर कल्पनेने पाहावे. तेथे पेटीत अंडी आहेत, पण ती आफ्रिकेतील बॉल पायथन या लहान जातीच्या अजगराची. साधारणतः पाच-सात अंडी, ओलसर व्हर्मिक्युलाइटच्या थरात ठेवलेली. उष्णता ३१-३२ अंश सेल्सियस, अवधी सुमारे ५५ ते ६० दिवस. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच असल्याने तेथील सौम्य हवा या अंड्यांना पुरत नाही, म्हणून यंत्र हवे. कोंबडीची अंडी फिरवावी लागतात. सर्पाचे अंडे मात्र एकदा स्थिरावले की उलटू नये, कारण भ्रूण कवचाच्या आतल्या बाजूस चिकटलेला असतो. म्हणून अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण करतात. इतकी काळजी घेणाऱ्या मनुष्याला निष्ठुर म्हणता येणार नाही. पेटी तीच, काळजी तीच. मग दोन घरांत नीतीच्या दृष्टीने भेद कोणता?

उत्तर शोधण्यापूर्वी मूळ मातेकडे पाहावे. अजगराची मादी अंड्यांना वेटोळे घालून बसते आणि त्या काळात बहुधा अन्न घेत नाही. ती अंड्यांना स्वतःची ऊब देते, असे लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने बंगालमधील निरीक्षणावरून १८३२ साली सांगितले, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांनी ते मानले नाही. थंड रक्ताचा प्राणी ऊब कोठून देणार? १८४१ साली व्हॅलेन्सिएन याने पॅरिसमध्येच मोजमाप घेऊन ते खरे ठरविले. पुढे १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील एका मादीवरील निरीक्षणांतून दिसले की, ती स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करते. सर्वच अजगर असे करीत नाहीत. परंतु उबेसाठी कोणीतरी स्वतःला झिजवावे लागते, एवढे यातून समजते. यंत्राने ही झीज नाहीशी केली. बटण दाबणाऱ्याला उपवास घडत नाही. जन्म देणे असे स्वस्त झाले, तेव्हाच ते विचारपूर्वक करण्याची गरज वाढली.

आपल्या आदिपर्वात या विचाराचे बीज आहे. कद्रूची हजार आणि विनतेची दोन अंडी उबदार भांड्यांत ठेवली गेली. पाचशे वर्षांनी कद्रूचे नाग बाहेर पडले. विनतेची अंडी मात्र तशीच राहिली. तिला धीर धरवेना, तिने एक अंडे फोडले आणि अर्धवट देहाचा अरुण बाहेर आला. त्याने मातेलाच शाप दिला. ही कथा आपण अधीरतेविरुद्धचा उपदेश म्हणून वाचतो. मला तीत आणखी एक अर्थ दिसतो. जन्मलेला जीव जन्म देणाऱ्याला जाब विचारू शकतो, आणि तो जाब ऐकून घेण्यास माता बांधलेली असते. विनतेची इच्छा वाईट नव्हती; तिला आपले अपत्य पाहावयाचे होते. पण तिची पाहण्याची हौस अपत्याच्या देहावर कोरली गेली.

आजच्या छंदात ही हौस रंगांची आहे. बॉल पायथनचे निरनिराळ्या रंगांचे व नक्षीचे प्रकार निवडीने निपजविले जातात. त्यांतील ‘स्पायडर’ नावाच्या प्रकारात त्या नक्षीबरोबरच मान डोलण्याचा, तोल जाण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो, हे पाळणाऱ्यांना ठाऊक असते. तरीही नक्षीसाठी तो प्रकार निपजविला गेला आहे. अरुणाला निदान बोलता येत होते.

यावर छंदी लोक एक आक्षेप घेतील आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. घाना, टोगो, बेनिन या देशांतून हे अजगर फार मोठ्या प्रमाणावर परदेशी धाडले गेले आहेत. घरीच पिले निपजली तर रानातून इतके उचलावे लागणार नाहीत, असे ते म्हणतील. काही अंशी ते खरे आहे. परंतु मागणी ही भांड्यातील पाण्यासारखी ठरावीक नसते. सुलभतेने ती वाढते. सप्टेंबर २०२३ मध्ये बंगळूरच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बेवारस सामानात ५५ बॉल पायथन व १७ नागराज जिवंत आणि सहा कॅपुचिन माकडे मृत सापडली. घरगुती निपज आणि चोरटी आयात या दोघी एकाच हौसेवर पोसल्या जाऊ शकतात, हे त्या पेट्यांनी दाखविले.

कायदा आपल्या परीने बोलला आहेच. आपल्या देशातील रानटी सर्प घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचा प्रतिबंध आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यामुळे आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील परदेशी प्राणीही नोंदणीच्या कक्षेत आले आणि त्यांची संततीही कळविणे बंधनकारक झाले. पण नोंदणी म्हणजे परवानगीचा कागद. तो कर्तव्याची पूर्तता करीत नाही, हे कागदांत आयुष्य घालविलेल्या आपणां लोकांस वेगळे सांगावयास नको.

आता भेद स्पष्ट होईल. पायाच्या खड्ड्यातून उचललेल्या अंड्याला यंत्र त्याचे हिरावलेले घर परत मिळवून देते. तेथे ऊब ही ऋणफेड आहे. परदेशी अजगराच्या पिलाला परत जाण्यास घरच नाही. येथील रानात सोडावे तर ते मरेल किंवा येथल्या जीवांना उपद्रव करील. कोणा अनोळखी माणसाला द्यावे तर आपली जबाबदारी आपण त्याच्या गळ्यात बांधली. त्याचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे असू शकते. ज्याच्यासाठी जगात जागा नाही त्याला जन्म देणारा, स्वतःच त्याची जागा व्हावयास बांधला जातो.

मग घातलेली अंडी न उबवता टाकून द्यावीत काय? हा मार्ग दिसतो तितका निर्दोष नाही, कारण सर्पाचे अंडे बाहेर येते तेव्हा आतील भ्रूणाची वाढ पुष्कळशी झालेली असते. म्हणून विवेकाचा क्षण पेटीपाशी नसून त्याच्याही आधी, नर-मादी एकत्र ठेवण्यापूर्वी आहे. पुढल्या प्रत्येक पिलाचे नाव घेऊन ‘याला मी शेवटपर्यंत सांभाळीन’ असे म्हणता येत नसेल, तर त्यांना वेगळे ठेवणे हीच अहिंसा.

आपण बदलीची माणसे. दर तीन-चार वर्षांनी घर उचलतो, कार्यभार दुसऱ्याच्या हाती सोपवितो आणि पावती घेऊन मोकळे होतो. ही सवय कचेरीत गुण ठरते. जिवांच्या बाबतीत ती फार मोठा दोष ठरू शकते. कुत्रे निदान दाराशी बसून आपल्याला ओशाळवाणे करते. सर्प काहीच करीत नाही. तो ओळख दाखवीत नाही, रुसत नाही, मागे धावत नाही. म्हणूनच त्याच्याविषयीचे कर्तव्य कोणत्याही परतफेडीच्या आशेवर उभे राहू शकत नाही. आणि त्या कर्तव्याचा कार्यभार सोपवून पावती घेता येईल, असा उत्तराधिकारी सहसा मिळत नाही.