पळीभर तेल

ग्रीसमध्ये प्लेटोच्या अकादमीत भूमितीला मानाचं पान होतं. नुसत्या देण्याघेण्यासाठी नव्हे, सत्य उमगावं म्हणून ती शिकली जायची. विद्येची अशी कदर आपल्याकडेही होती. चाळीसगावजवळच्या पाटणला गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला. शके ११२८ च्या शिलालेखात मठाला मिळालेली देणगी मराठीत कोरली आहे: ग्राहकाकडून पाच पोफळं, दर घाण्यामागे पळी-पळी तेल. भास्कराचार्यांचा गणितग्रंथ ‘लीलावती’ घाणा चालवणाऱ्या तेल्याला उमगत असेलच असं नाही. पण कुणीतरी तो शिकावा, याची तजवीज अख्ख्या बाजारपेठेने केली. आज जालन्याची बाजारपेठ, म्हणजे मोंढा, उघडेल, मोठी उलाढाल होईल. त्यातला थोडा वाटा गावच्या वाचनालयाला, एखाद्या लेकराच्या वह्यापुस्तकांना देऊ या.