अडलेली घरे

रविवारी चहाचा दुसरा कप झाल्याशिवाय आमच्याकडे पुरवणीला हात लागत नाही. मग शब्दकोड्याचे पान बाहेर निघते, चार घड्या होऊन जेवणाच्या टेबलावर येते आणि पेन्सिल शोधण्यात पाच मिनिटे जातात. लग्नाला एकतीस वर्षे झाली, त्यातली तीस तरी हे चालू आहे. पण दोघांनी मिळून कोडे सोडवणे म्हणजे काय, याबद्दलचे माझे मत या काळात तीनदा बदलले.

सुरुवातीला ती सरळसरळ परीक्षा होती. मी रत्नागिरीची, मराठी घेऊन एम. ए. झालेली, तो अकोल्याचा, इंजिनिअर. पेन्सिल माझ्याच हातात असणार, हे मी धरूनच चालले होते. ‘पाखाडी’, ‘आगोट’ असले शब्द आले की मी त्याच्याकडे न बघता भरून टाकी. एका रविवारी ‘पेरणीचे अवजार’ आले. तीन घरे. मी ‘नांगर’ लिहून मोकळी झाले. “नांगरानं पेरतात होय गं?” एवढेच विचारून त्याने खोडरबर उचलला आणि ‘तिफण’ लिहिले. माझा तोरा उतरला. पण मत बदलले ते इतकेच, की परीक्षेला दोघे बसलेत.

खरा फरक पडला तो एका वेलांटीमुळे. आडवा शब्द ‘सूर्य’, घरे दोन. मी ‘रवी’ लिहिले. त्याच घरातून उभी जाणारी होती ‘कविता’. आता त्या घरात वेलांटी पहिली की दुसरी? शुद्धलेखनाच्या 1962 च्या नियमांनी सुटा ‘रवी’ दीर्घच, आणि कविता काही दीर्घ होत नाही. मी कोडे रचणाऱ्याच्या नावाने बोटे मोडत बसले. त्याने शांतपणे ‘व’ला दोन्ही बाजूंनी वेलांट्या दिल्या. “ही तुझी, ही कवितेची. चल पुढे.”

पुढे गेलो, पण ते घर माझ्या डोक्यात राहिले. आर्थर विन या इंग्रज पत्रकाराने 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले शब्दकोडे छापले, तेव्हा त्याच्या एका घरात सव्वीसांतले एखादे अक्षर बसायचे. आपल्या घरात अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘शब्दकोडे’ हा शब्द चार घरांत मावतो. त्यातल्या दुसऱ्या घरात ‘ब्द’ हे जोडाक्षर एकटेच नांदते. बाराखडी आणि जोडाक्षरे धरली तर एका घरासाठी शेकडो उमेदवार. म्हणून मराठी कोड्यात दोन शब्दांचे छेदणे अवघड असते. पण एकदा छेदले की ते अक्षर मोठा पुरावा होऊन बसते. मधल्या घरात ‘ऱ्हा’ पडला, तर उरणारे शब्द बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा मला कळले की शब्द येणे वेगळे आणि तो बसणे वेगळे. माझ्या ‘नांगर’ची मला पूर्ण खात्री होती. खात्रीला आडव्या ओळीत काही किंमत नसते. उभ्या ओळीने होकार द्यावा लागतो.

हे उमगल्यावर मी लगेच त्याची पद्धत करून टाकली. आडवे मी, उभे तू. झेरॉक्स काढून दोन प्रती केल्या, शेवटी ताडून पाहायचे ठरवले. इतकी वाईट कोडी आम्ही कधी सोडवली नसतील. देवादिकांची नावे उभ्यात आली की तो अडे, शेतीतले आडव्यात आले की मी.

बऱ्याच वर्षांनी याचे उत्तर मानसशास्त्रात सापडले. अमेरिकेतले डॅनियल वेग्नर यांचे म्हणणे असे, की बराच काळ सोबत राहणाऱ्या माणसांची मिळून एक स्मरणशक्ती तयार होते. कुठली गोष्ट कोणाकडे ठेवायची, हे न बोलता ठरत जाते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये 59 जोडप्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जोडपी तशीच ठेवली, काहींची फाटाफूट करून अनोळखी जोड्या लावल्या. आपापल्या मनाने लक्षात ठेवा म्हटले, तर खऱ्या जोडप्यांना जास्त आठवले. पण कोणी काय लक्षात ठेवायचे ते वरून वाटून दिले, तेव्हा अनोळखी जोड्या पुढे गेल्या. आमची झेरॉक्स का फसली, ते मला कळले. वाटणी आमच्यात आधीच झालेली होती. मी तिच्यावर दुसरी लादत होते.

एवढ्यावर मी समाधानी होते. मग गेल्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या आणि तो तीन आठवडे अकोल्याला राहिला. तीन रविवार मी एकटीने कोडे घेऊन बसले. जमेल असे वाटले होते. तिसऱ्या रविवारी तर हट्टाने दुपारपर्यंत बसले. भरलेल्या घरांकडे कोणी बघत नाही. मी रिकामी घरे बघत होते. अवजारे, पिके, जुनी वजने-मापे, क्रिकेट. तिथे माझ्याकडे काही नव्हते, असे मात्र नाही. ‘कपाशीचे झाड’, तीन घरे, पहिले ‘प’. शब्द जिभेवर येऊन परत जात होता. फोन करता आला असता, पण दवाखान्यातल्या माणसाला कपाशीचे झाड काय विचारायचे?

तो आला त्या संध्याकाळी तिन्ही पाने फ्रिजवर तशीच घडी करून ठेवलेली होती. उत्तरे छापून आली होती, मी पाहिली नव्हती. चपला काढता काढता त्याने वरचे पान उलगडले आणि उभ्यानेच ‘पऱ्हाटी’ लिहिले.

हा शब्द मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून माहीत आहे. त्यांच्या शेताच्या बांधावर त्यानेच शिकवला होता.